शिकारपुऱ्यातल्या आखाड्याची व्यवस्था

बुऱ्हाणपूर, ता. २१ नोव्हेंबर २००४, रविवार

प्रथम क्षमा मागतो. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना मी दर संक्रांतीला पोस्टकार्ड पाठवत असे. गेल्या दोन संक्रांतींना कोणालाही पाठवलं नाही. ज्यांची पत्रं आली त्यांनाही उत्तर दिलं नाही. रोजनिशीसुद्धा कोरी आहे. आजाराचं कारण सांगता येईल, पण आजार यंदाच्या चैत्रात कळला आणि लिहिणं मी त्याच्या बरंच आधी सोडलं होतं. कळवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आज लिहिणं भाग आहे, म्हणून लिहितो.

मी, कडू शालिग्राम चौधरी, वय ४६, बी.ए., राहणार शिकारपुरा, बुऱ्हाणपूर, मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेचा पूर्वीचा क्रीडाशिक्षक, माझ्या मागे कोणाला काय मिळावं हे स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो आहे. कोणी भरीला घातलेलं नाही. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत, डोकं शाबूत आहे. तशी इंदूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. चिठ्ठी घ्यावी लागली कारण मी बहिरा आहे. कायदा म्हणतो की बहिऱ्या माणसालाही मृत्युपत्र करता येतं, आपण काय करतो आहोत हे त्याला कळत असेल तर. ऐकू येणाऱ्यांना ते कळतं असं सगळे धरून चालतात. मी सदतीस वर्षं त्यांच्या ओठांकडे पाहत आलो आहे, मला तसं धरून चालता आलं नसतं.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही. अपत्य नाही. घरामागच्या मोकळ्या जागेत मी बांधलेला कुस्तीचा आखाडा आहे. तो कोण चालवील, बहिऱ्या मुलांना उतरायला ती माती राहील की नाही, एवढ्यासाठीच खरं तर हा कागद आहे. बाकीचं दहा ओळींत झालं असतं. आखाड्याचं कलम शेवटी ठेवलं आहे, कारण लिहायला बसलो तेव्हा ते ठरलेलं नव्हतं.

कलम १. शिकारपुऱ्यातलं राहतं घर, ओटा, त्यातली भांडीकुंडी आणि सामान पत्नी मंगला हिचं. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही.

मंगलाला ऐकू येतं. आमचं लग्न ठरवताना माझ्या थोरल्या भावानं तिच्या वडिलांना सांगितलं होतं की मुलगा शांत आहे. मी बहिरा आहे हे तिला मांडवात कळलं. पुढे कधीतरी मी तिला विचारलं, आधी कळलं असतं तर काय केलं असतंस? ती म्हणाली, "तुमच्या भावाला शिव्या आधीच दिल्या असत्या. लग्न केलंच असतं असं मात्र म्हणत नाही." या उत्तरानंतर मी तिचं प्रत्येक बोलणं खरं धरत आलो आहे. खुणा ती माझ्याकडून शिकली नाही. शाळेच्या वसतिगृहातली मुलं दिवाळीला घरी न्यायला कोणी आलं नाही की आमच्याकडे राहत, त्यांच्याकडून ती शिकली. म्हणून ती अजून लहान मुलांसारख्या खुणा करते.

कलम २. पोस्टातली आणि बँकेतली शिल्लक मंगलाची. इंदूरच्या फेऱ्यांनंतर जे उरेल ते. रक्त धुऊन घेण्याच्या त्या फेऱ्या मी आता कमी करत जाणार आहे आणि पुढे बंद करणार आहे. हे तिला सांगितलेलं नाही. हा कागद ती वाचेल तेव्हा रागावेल आणि तेव्हा उत्तर द्यायला मी नसेन. ही पळवाट आहे हे मला समजतं. दुसरी सापडली नाही.

कलम ३. थोरले बंधू रमेश, राहणार निंबोला.

वडिलांच्या हयातीतच वाटणी झाली. निंबोल्याची जमीन त्याला, शिकारपुऱ्यातलं घर आणि मागची जागा मला. त्या बैठकीत रमेशदादा म्हणाला होता, "बहिऱ्याले वावर काय कराचं? मोटर चालू हाये का बंद, हेबी त्याले आयकू येनार नाही." पाणी डोळ्यांना दिसतं, हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. सुचलं नाही. आता सुचलं, म्हणून नोंदवून ठेवतो.

दादा मला हाक मारायची म्हणजे पाठीवर खडा मारतो. लहानपणी मारायचा आणि दोघांचे केस पिकले तरी मारतो. आखाड्यात मुलं लढत असताना तो एकदोनदा आला, बांधावर उभा राहिला, खडा मारून मला वळवलं आणि विचारलं, "यायले जिंकल्यावर टाळ्याबी आयकू येत नसतीन, मंग जिंकतात कशाले?" मुलं त्याच्याकडे पाहून हसली, त्यांना वाटलं पाहुणा काही चांगलं बोलतोय.

त्याच दादानं, मी नऊ वर्षांचा असताना, मेंदूच्या तापात मी आचके देत होतो तेव्हा, निंबोल्याहून बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यापर्यंत मला खांद्यावर आणलं. श्रावण होता, बैलगाडी चिखलात रुतली होती. तो तेव्हा पंधरा वर्षांचा होता. कान गेले, जीव वाचला. या दोन गोष्टींचा हिशोब मला एका पानावर कधीच मांडता आला नाही. त्याला माझा लोकरी कोट द्यावा आणि ओट्याच्या कोनाड्यातला पितळी डबा द्यावा. डब्यात त्यानंच मारलेले खडे आहेत. चांगले गोल असतील ते मी ठेवत गेलो.

कलम ४. मुद्गलांची जोडी, गदा, आणि आखाड्याची माती उकरायचं फावडं माझा मित्र दगा याचं. दगा जैनाबादचा. आम्ही दोघं नदीपलीकडे एकाच वस्तादांकडे शिकलो. मी तिथं गेलो तेव्हा सोळा वर्षांचा होतो आणि माझ्याशी जोड धरायला कोणी तयार नव्हतं. बहिऱ्याच्या अंगाला अंग लावलं तर आपल्यालाही बहिरेपण लागेल असं काहींना वाटे. दगा आपणहून मातीत उतरला आणि त्यानं मला पहिल्याच झटक्याला पाडलं. त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

हे देणार असं परवा त्याला सांगितलं. तो म्हणाला, "कडूभाऊ, माही कंबर गेली. मुद्गल घिऊन का सर्कशीत जाऊ?" मग म्हणाला, "पन दे. भिंतीले टेकलेले दिसले तं जावई जरा सांभाळून बोलीन."

कलम ५. लाल निशाण आणि थांबघड्याळ उषाताईंना.

उषाताई आमच्या शाळेत वाचाशिक्षिका होत्या. निशाण म्हणजे धावायच्या शर्यतीला इशारा करायचं फडकं. आमच्या मुलांना पिस्तुलाचा बार कळत नसे. बाहेरच्या स्पर्धांत पंच निशाण उंच धरून खाली आणत, ते पाहायला मुलांना मान वर करावी लागे आणि ओणवं बसून उसळी घेण्याचा सगळा फायदा जाई. म्हणून मी धावपट्टीच्या कडेला पालथा पडून निशाण जमिनीलगत धरत असे, म्हणजे बोटं रेषेवर ठेवूनच त्यांना ते दिसे. वाण्यांच्या घरातली एक मुलगी त्या निशाणावर चारशे मीटर धावून मूकबधिरांच्या देशपातळीच्या स्पर्धेपर्यंत गेली. माझे सगळे सदरे छातीवर मातीनं लाल झाले. मंगला म्हणे, "नवरा शिक्षक आहे की सरडा?"

उषाताईंशी माझं भांडण आहे आणि ते मिटलेलं नाही, हे इथं लिहायला हवं. चार वर्षांपूर्वी सरकारी धोरण आलं की बहिऱ्या मुलांना वेगळं ठेवू नये, त्यांच्या गावच्या साध्या शाळेत सगळ्यांबरोबर शिकवावं. आमच्या संस्थेनं ते निमित्त धरून शाळा बंद केली. मला कामावरून कमी केलं. उषाताईंना गावोगाव फिरत्या शिक्षिकेचं काम मिळालं. त्या आता बसनं या शाळेतून त्या शाळेत जातात आणि एकेका मुलाला पंधरवड्यातून एकदा भेटतात. मी त्यांना म्हणालो होतो, तुम्ही मुलांना वाटून टाकलंत. त्यांनी मला समोर बसवून, ओठ सावकाश हलवत सांगितलं, "सर, वसतिगृहात पहिल्या वर्षी मुलं उशीत तोंड खुपसून रडायची. तुम्हाला त्यांचं रडणं ऐकू येत नव्हतं. मी त्याच खोलीच्या बाहेर झोपायचे. आता ती आईच्या हातची भाकर खातात."

त्या चुकीच्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

कलम ६. गोटू, राहणार दापोरा, माझा विद्यार्थी. याला काय देतो ते सांगण्याआधी आखाडा त्याच्या नावे का करणार होतो ते सांगावं लागेल.

कुस्तीत पंचाची शिटी झाली की दोघांनी थांबायचं असतं. बहिऱ्या मुलाला शिटी कळत नाही. मला जैनाबादच्या वस्तादांनी एक युक्ती शिकवली होती, तीच मी मुलांना शिकवली. शिटी वाजली की ऐकणाऱ्याचं अंग सैल पडतं. दंडातला ताण जातो, मान उतरते. पकड धरलेल्या हाताला ते त्याच क्षणी समजतं. हाताला समजलं की सोडायचं. या युक्तीवर आम्ही इतर शाळांच्या मुलांशी काही वर्षं नीट लढलो.

मग त्या मुलांनी ती ओळखली. हरायला आलेला मुलगा मुद्दाम अंग सैल सोडू लागला. आमच्या मुलाला वाटे शिटी झाली. तो पकड सोडून, हसून उभा राही, आणि दुसरा खालून त्याचा पाय ओढून त्याला चीत करी. लोक हसत. मी आयोजकांकडे भांडून एक रीत ठरवून घेतली: शिटी वाजली की पंचानं किंवा मॅटच्या कडेला बसलेल्या मी आमच्या मुलाच्या पाठीवर थाप मारायची, आणि थाप पडेपर्यंत त्यानं सोडायचं नाही. शाळा होती तोवर हे चाललं. कोणाला इजा झाली नाही.

शाळा बंद झाली तेव्हा गोटू पंधरा वर्षांचा होता. माझ्या हातून गेलेल्या सगळ्या मुलांत त्याच्यासारखी पकड कोणाची नव्हती. तो साध्या शाळेत गेला आणि त्या शाळेकडून उतरला. मी त्या शाळेचा नव्हतो, म्हणून मला मॅटजवळ बसू दिलं नाही. थापेची रीत कोणाला माहीत नव्हती. गोटूनं जुन्या युक्तीवर भरवसा ठेवला, समोरच्यानं अंग सैल सोडलं, गोटूनं पकड सोडली आणि हरला. मी पंचाकडे गेलो. तो मला समजावं म्हणून तोंड मोठं उघडून म्हणाला, "सीटी बजी ही नहीं, मास्साब. आपका पहलवान खुद छोड़ रहा है." मी थापेचं सांगितलं. तो म्हणाला, "नियम सबके लिए एक है. आपके बच्चे भी तो सबके साथ पढ़ना चाहते हैं ना?"

पुढच्या वर्षी मी गोटूला बजावलं, थाप पडल्याशिवाय सोडू नकोस, समोरचा मेला तरी सोडू नकोस. त्याच्या नव्या शाळेच्या खेळशिक्षकांना हात जोडून सांगितलं की शिटीबरोबर थाप मारा. ते चांगले गृहस्थ होते, हो म्हणाले. कुस्ती रंगात आली आणि ते विसरले. शिटी वाजली, समोरच्या मुलानं अंग सोडलं, थाप पडली नाही. गोटूनं माझं ऐकलं. त्या मुलाचा खांदा निखळला. तो ओरडला असेल. गोटूला त्याचं तोंड दिसत नव्हतं, मला प्रेक्षकांतून दिसत होतं, आणि मी मॅटपर्यंत पोचलो तोवर उशीर झाला होता.

त्यानंतर बहिऱ्या मुलांना शालेय कुस्तीत उतरवू नये, त्यात इतरांना धोका आहे, असं ठरलं. दुसरं काय सांगायला हवं होतं याचा मी रोज विचार करतो. सोड म्हणालो असतो तर तो फसला असता, सोडू नको म्हणालो तर दुसरा मोडला. तिसरं वाक्य मला अजून सुचलेलं नाही.

मी त्याला धावायला लावलं. दापोऱ्याच्या रस्त्यावर तो धावे आणि मी सायकल घेऊन त्याच्या पुढे असे, म्हणजे हातानं वेग सांगता येई. वर्षभरात तो मूकबधिरांच्या राज्यस्पर्धेत पहिला यावा इतका तयार झाला. तिथं त्याचा बहिरेपणाचा दाखला पाहिला. साध्या शाळेत घेताना कानाला यंत्र लावून तपासणी झाली होती आणि यंत्रासह जे ऐकू आलं तोच आकडा दाखल्यावर चढला होता. त्या आकड्यानं तो बहिरा ठरत नव्हता. दाखले तपासायला बसलेला माणूस स्वतः बहिरा होता. त्यानं मला खुणेनं सांगितलं, "तो आपल्यातला आहे हे मला दिसतंय. पण मी शिक्का मारला तर उद्या ऐकणारे येतील पदकं न्यायला." त्याचंही बरोबर होतं. नवा दाखला मिळेपर्यंत पावसाळा गेला आणि गोटू केळीच्या ट्रकवर हमालीला लागला.

परवा शुक्रवारी तो आला, बरोबर त्याची आई सरुबाई. मी त्याला सांगितलं, आखाडा तुझ्या नावे लिहितो, तू चालव.

त्यानं विचारलं, कोण येणार?

मी म्हणालो, निंबोल्याला एक मुलगा आहे. जैनाबादला दोघी बहिणी. तुझ्याच गावात एक आहे.

गोटू म्हणाला, "माझ्या गावचा खुणा करत नाही. त्याला कोणी शिकवल्या नाहीत. मी त्याच्याशी बोलायला गेलो. तो मला पाहून हसला. ऐकणारी पोरं हसतात तसा."

तो पुढे म्हणाला, "कुस्तीला दोघं लागतात, सर. तुम्ही मला एकेक दाखवताय."

सरुबाई इतका वेळ आमच्या हातांकडे पाहत होत्या. त्या माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "सर, राग नका धरू. त्याले रोजी लागली. गाडीवरचे पोरं त्याले पाठीवर हात मारूनच बलावतात. रातच्याले घरी येते तं दमेल असते, पन तोंड उतरेल नसते. या मातीत आला का चार दिवस जेवत नाही." मग हात जोडून म्हणाल्या, "तुमी त्याच्यासाठी केलं ते मी मरेपावतर इसरनार नाही. पन आता त्याले सोडा."

मी विचारलं, मग तुला काही देऊ?

गोटूनं घरात इकडेतिकडे पाहिलं. "सायकल चालेल," म्हणाला. "चेन बदलावी लागेल."

तरी माझी सायकल गोटूला द्यावी. चेन बदलून द्यावी. आखाड्याची, माझ्या नावाची किंवा दुसऱ्या कोणत्याही मुलाची कसलीही जबाबदारी त्याच्यावर नाही, हे मी पूर्ण विचारानं लिहितो. पुढे कोणी त्याला तुझ्या सरांची इच्छा होती वगैरे सांगितलं तर हे कलम दाखवावं.

कलम ७. माझ्या रोजनिश्या मंगलानं हव्या तर ठेवाव्या. कोणाला ताप होता, कोणाचं वजन वाढलं, कोण चिडलं, एवढंच त्यात आहे.

कलम ८. अंत्यविधी राजघाटावर, साधा. कोणी भाषण करू नये. करायचंच असेल तर मिशी कापलेल्या माणसानं करावं, म्हणजे माझे जे विद्यार्थी येतील त्यांना ओठ दिसतील. किती येतील याचा अंदाज करत नाही. पोस्टकार्डांचं वर लिहिलंच आहे.

कलम ९. घरामागची मोकळी जागा आणि तिच्यातला आखाडा.

गोटूचं वर आलं. दगाची कंबर गेली. उषाताईंना विचारलं होतं. गेल्या हिवाळ्यात त्यांनी एका रविवारी चार गावांतली चार मुलं बसनं इथं आणली. मी माती उकरून, ताक, तेल आणि हळद घालून ठेवली होती. मुलं उतरली आणि चार कोपऱ्यांत उभी राहिली. प्रत्येकाच्या घरच्या चारदोन खुणा वेगळ्या, एकाचं दुसऱ्याला समजेना. शेवटी दोघांची जोड लावली. एकाला लागलं, पण थांब कसं म्हणायचं हे त्याला येत नव्हतं, म्हणून तो चावला. मग दुसरा खरंच मारू लागला. मी दोघांना वेगळं केलं. पुढच्या रविवारी उषाताई एकट्याच आल्या आणि म्हणाल्या, "सर, आईबाप पाठवत नाहीत. शाळेत सगळ्यांबरोबर बसतोय, मग परत मुक्यांत कशाला, असं म्हणतात." आमचं भांडण असूनही त्यांनी हे मान खाली घालून सांगितलं नाही, मला वाचता यावं म्हणून तोंड समोर ठेवून सांगितलं. हे त्यांच्या बाजूनं नोंदवतो.

तेव्हापासून मातीत कोणी उतरलेलं नाही.

मंगलानं जागा विकू नये, तिथं दुसरं काही बांधू नये, अशी अट या कलमात मी घातली होती. न जाणो, कधी कोणी दोघं येतील. शुक्रवारपासून ते वाक्य या कागदावर होतं. काल संध्याकाळी मी तेवढंच पान मंगलाला दाखवलं. तिनं वाचलं आणि कागद माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "अट घालून जाऊ नका. अट मला राखावी लागेल. तुम्ही नसताना रोज सकाळी मागचं दार उघडून मी ती रिकामी माती पाहायची?" नंतर तिनं हातांनी सांगितलं, त्या मुलांसारख्या खुणांनी: मी नाही.

रमेशदादाला ती जागा केळी पिकवायच्या खोल्यांसाठी हवी आहे. दिवाळीत त्यानं विचारलं, "कडू, तू गेल्यावर त्या मातीत काय मेथी लावाची?" मी चिडलो होतो. आता तो प्रश्न सरळच वाटतो.

म्हणून ते अटीचं वाक्य मी खोडलं आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे. घरामागची जागा विनाअट मंगलाची. तिनं ती रमेशदादाला द्यावी किंवा कोणालाही द्यावी. भाव मात्र तिनं स्वतः ठरवावा. त्याच्या शब्दावर जाऊ नये, मुलगा शांत आहे हेही त्याचेच शब्द होते.

राहिली माती. आमच्या वस्तादांकडे असं होतं की आखाडा मोडला तर त्याची माती नदीला द्यायची, बांधकामात किंवा रस्त्यावर टाकायची नाही, कोणाच्या चपलेखाली येऊ द्यायची नाही. हे काम मंगलावर ठेवलं तर सगळी गल्ली पाहायला जमेल आणि जो तो तिला धीर द्यायला येईल. ते तिला आवडत नाही. अजून मी उभा राहू शकतो. तेव्हा माती काढण्याचं काम या मृत्युपत्रातून वगळत आहे. ते मी हयातीतच करीन. आखाड्याच्या कोनाड्यातला मारुती मंगलानं देवघरात ठेवावा.

ज्यांना काही दिलं आहे त्यांना साक्षीदार होता येत नाही, म्हणून दगा आणि उषाताई यांच्या सह्या घेतल्या नाहीत. शेजारचे दोघे बोलावले. दोघांसमोर मी सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर. रंभाबाईंना वाचता येत नाही, म्हणून नंदकुमार यांनी शेवटचं कलम त्यांना वाचून दाखवलं. आमच्या आखाड्याची लाल धूळ वीस वर्षं त्यांच्या वाळवणावर पडत आली आहे आणि त्यावरून त्या वीस वर्षं माझ्याशी भांडत आल्या आहेत. त्यांनी विचारलं, "मंग आता धूळ नाही येनार?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "दोन घमेले मले ठेवजा. तुळशीत टाकते." तुळशीला पाय लागत नाही, म्हणून हो म्हणालो.

वरील नऊ कलमं मी पुन्हा वाचली. यात कुठं मी कोणावर अन्याय केला असेल तर तो समजूनउमजून केलेला नाही. काय करतो आहे हे मला कळतं.

सही: कडू शालिग्राम चौधरी

साक्षीदार:
१. नंदकुमार विठ्ठल बाविस्कर, कंपाउंडर, राहणार शिकारपुरा (सही)
२. रंभाबाई सुपडू महाजन, घरकाम, राहणार शिकारपुरा (डाव्या हाताचा अंगठा)

स्थळ: शिकारपुरा, बुऱ्हाणपूर
दिनांक: २१ नोव्हेंबर २००४

उद्या: सकाळी दगाकडे जाऊन मातीसाठी ट्रॅक्टर सांगणे.